पुरुष आवाज नसलेल्या समूहाने काय गावे आणि कसे बसवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या आठ जणींना साथीशिवाय समूहगान करायचे आहे. चौघी हिंदुस्थानी गायकीत तयार झालेल्या, तिघी गोव्यातल्या चर्चच्या कॉयरमध्ये वाढलेल्या, एक नवखी पण सुरेल. गायचे आहे ते युरोपातले मध्ययुगीन आणि प्रबोधनकाळातले संगीत, आणि त्याच्या जोडीला गेल्या शंभरेक वर्षांतले. चार-आवाजी छापील प्रती आणून, टेनर आणि बासच्या, म्हणजे पुरुष आवाजांच्या ओळी एक सप्तक वर उचलून त्यांनी गाऊन पाहिले. गाणे पातळ वाटते आणि संपेपर्यंत स्वर उतरतो. रचना कोणत्या घ्याव्यात, सराव कसा करावा, असे त्यांनी विचारले आहे.

पातळ वाटणे आणि स्वर उतरणे या दोन तक्रारी वेगळ्या दिसल्या तरी दोन्हींचे मूळ एक आहे. तुमच्या गाण्याला तळ नाही. चार-आवाजी रचना बास गृहीत धरून बांधलेली असते. बासचा सा आणि त्यावर आल्टोचा (स्त्रियांतल्या खालच्या आवाजाचा) प अशी जागा असेल आणि बासची ओळ सप्तकभर वर नेली, तर सा हा प च्या डोक्यावर जातो. मग पंचमाच्या जागी प ते सां असे मध्यमाचे अंतर उरते, आणि सगळी स्वरावली प वर उभी राहते. त्या काळच्या कानांना सर्वांत खालच्या आवाजापासूनचा मध्यम अस्थिर वाटत असे. रचनाकार तो टाळत होता, आणि तुम्ही तो प्रत्येक ओळीत आणून ठेवता.

दुसरी बाजू ध्वनीची आहे. पुरुष बास ९८ हर्ट्झच्या पांढरी पाचवर (पियानोची पाचवी पांढरी पट्टी, सी ही पहिली धरून) असतो तेव्हा त्याच्या आवाजातले उपस्वर १९६, २९४, ३९२, ४९० हर्ट्झवर, म्हणजे नेमके वरच्या आवाजांच्या जागी आधीच हजर असतात. वरच्यांना त्यात मिसळायचे असते, इतकेच. तुमचा सर्वांत खालचा स्वर साधारण १९६ हर्ट्झचा. त्याचे उपस्वर ३९२, ५८८, ७८४, ९८० असे दूरदूर पडतात आणि वरचे तर तुमच्या वरच्या आवाजांच्याही वर निघून जातात. आधार कमी, म्हणून चूक जास्त ऐकू येते. स्त्रियांच्या समूहाला मिश्र कॉयरपेक्षा जास्त काटेकोर सुरात गावे लागते ते यामुळे.

म्हणून पहिला सल्ला असा की चार-आवाजी प्रती सध्या कपाटात ठेवा. समान आवाजांसाठी मुळातच लिहिलेले संगीत भरपूर आहे आणि त्यातले बरेच स्त्रियांनीच गायलेले आहे.

सुरुवात बिंगेनच्या हिल्डेगार्डपासून करा (१०९८–११७९). ऱ्हाइनकाठच्या रुपर्ट्सबर्ग मठात आपल्या भगिनींसाठी तिने रचलेली सत्तरहून अधिक गाणी हस्तलिखितांत टिकून आहेत. सगळी एकसुरी, म्हणजे एकच ओळ, सर्वांनी मिळून गायची. एकत्र गाता येणे ही पहिली परीक्षा असते आणि ती इथे होते. तिच्या चालींत पंचमाची उडी आणि लगेच तिथून वरच्या षड्जापर्यंतची झेप वारंवार येते. या दोन पायऱ्या आठही जणींच्या गळ्यातून एकाच क्षणी, न घसरता निघाल्या तर समूह तयार होतो आहे असे समजा.

पुढची पायरी स्पेनमधली. बुर्गोसजवळचा लास उएल्गास हा सिस्टर्शियन भगिनींचा मठ ११८७ सालचा. तिथे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे हस्तलिखित आजही आहे. त्यात एक, दोन, तीन आणि चार आवाजांच्या रचना आहेत. आवाज एकमेकांना सतत ओलांडत जातात आणि सगळे मिळून दीड-पावणेदोन सप्तकांत बसतात, त्यामुळे ते आठ जणींना सहज झेपते. मोन्सेराट मठाच्या ‘लाल पुस्तका’तली (साधारण १३९९) कॅनन पद्धतीची गाणी नवख्या सभासदासाठी उत्तम. चाल एकच, दुसरी फळी ठरावीक अंतराने मागून येते. ‘ओ विर्गो स्प्लेन्देन्स’ पासून सुरू करा. इंग्लंडमधले तेराव्या शतकातले ‘एडी बेओ दू’ हे दोन आवाजांचे गाणे मात्र गोव्यातल्या तिघींकडे आधी द्या. त्यात आवाज गांधाराच्या अंतराने जोडीने चालतात, आणि मांडो गाताना ही सवय त्यांच्या गळ्यात बसलेली असते.

प्रबोधनकाळातले घेताना छापील प्रतीवर ‘व्होची पारी’ किंवा ‘व्होचेस एक्वालेस’ अशी खूण शोधा. तिचा अर्थ समान आवाज. स्पॅनिश रचनाकार तोमास लुइस दे व्हिक्टोरिया याचे ‘दुओ सेराफिम’ चार उंच आवाजांसाठी आहे, दुसऱ्या वर्षी जरूर घ्या. फेराराच्या दरबारात १५८० पासून गाणाऱ्या स्त्रियांचा जो गट प्रसिद्ध झाला, त्याच्यासाठी लुत्सास्को लुत्सास्कीने एक, दोन आणि तीन सोप्रानोंची (उंच स्त्री-आवाजांची) माद्रिगाले, म्हणजे कवितांवरची इटालियन गाणी, लिहिली. ती १६०१ मध्ये छापली गेली, त्यातल्या ताना आणि आलंकारिक जागांसह. कळफलकाची साथ लिहिलेली असल्याने तळाचा प्रश्न तिथे सुटलेला आहे. ज्यांचा गळा तानांवर तयार झाला आहे अशा दोघी-तिघींना हे संगीत युरोपातल्या अनेक गायिकांपेक्षा लवकर साधेल असे मला वाटते. एक गोष्ट सांभाळायची: तान स्वरलिपीत आहे तेवढीच आणि तिथेच, कारण खालची स्वरावली त्या क्षणी बदलत असते.

चार-आवाजी संगीत मठांतल्या स्त्रिया गात होत्याच. मिलान, नोव्हारा, मोडेना, फेरारा इथल्या मठांतून सोळाव्या-सतराव्या शतकात राफाएल्ला आलेओत्ती, सुल्पित्सिया चेझिस, कोत्सोलानी, इसाबेल्ला लेओनार्दा अशा रचनाकार झाल्या. व्हेनिसच्या पिएता अनाथालयात व्हिवाल्दीची चार-आवाजी रचना मुली आणि स्त्रियाच गात. जुन्या गोव्यात आर्चबिशप मेनेझिश यांनी १६०६ मध्ये सुरू केलेल्या सांता मोनिका मठातही भगिनींचे गाणे-वाजवणे होते. त्याच वास्तूत आज ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. या सगळ्या जणी बासचे काय करत? तीन मार्ग दिसतात. सगळी रचना चार किंवा पाच स्वर वर चढवायची. किंवा टेनर खालच्या आल्टोंनी मूळ जागी गायचा आणि बास ऑर्गनवर किंवा व्हिओला द गाम्बा या गजाने वाजवायच्या जुन्या तंतुवाद्यावर वाजवायचा. किंवा बास सप्तकभर वर गायचा आणि मूळ जागी वाद्यही ठेवायचे. तुम्ही केलेत ते या तिसऱ्याचे अर्धे, वाद्य वगळून. दुसरा मार्ग आजही सर्वांत चांगला. पाय-पेटी किंवा ऑर्गनचा साधा आवाज असलेला कीबोर्ड आणि एक सेलो एवढ्यावर ते भागते.

आता पट्टी. मध्ययुगीन स्वरलिपीत स्वराची उंची ठरलेली नसते, चालीतले अंतर तेवढे ठरलेले असते. आपल्याकडे गायिका जशी आपली पट्टी धरते तशीच ती धरायची. पण आठ जणींची मिळून एक. माझ्या मते तीन आवाजांच्या गाण्यात खालच्या ओळीसाठी खालच्या सप्तकातली पांढरी पाच ते मधली पांढरी सहा, मधल्या ओळीसाठी खालची पांढरी सहा ते वरची पांढरी दोन, आणि वरच्या ओळीसाठी मधली पांढरी दोन ते वरची पांढरी चार ही सुखाची मर्यादा. पांढरी एक म्हणजे पियानोवरचा सी. छापील प्रतीत खालच्या आवाजाला खालची पांढरी चार किंवा त्याहून खालचा स्वर वारंवार असेल तर ती प्रत वर चढवा, नाहीतर ठेवून द्या. त्या जागी आल्टोचा आवाज फक्त ऐकू येतो, तळ होत नाही.

हिल्डेगार्डच्या सुमारे दीड सप्तकाच्या गाण्यासाठी षड्ज पांढरी दोन धरा. सर्वांत खालचा स्वर खालची पांढरी सहा आणि सर्वांत वरचा वरची पांढरी तीन असा विस्तार मिळतो. ज्या चौघी काळी चारमध्ये गातात त्यांना हा वरचा टोकाचा स्वर म्हणजे त्यांच्या तार सप्तकातला कोमल धैवत. पोचतो, पण छातीच्या आवाजात ढकलून नव्हे. मधल्या पांढरी चारच्या आसपास आवाज हलका करायला शिकावे लागेल. त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठे काम हेच आहे. याहून वर पट्टी नेण्याचा मोह टाळा. वरच्या पांढरी तीन-चारच्या पुढे स्त्रीच्या आवाजात स्वरवर्ण एकमेकांत मिसळू लागतात. ई आणि ऊ यांची ओळख पटवणारा अनुनाद ३०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि गायलेला स्वर त्याच्या कितीतरी वर गेलेला असतो. तिथे ई थोडी ए कडे उघडली तर स्वर मोकळा होतो. शब्द मात्र तिथे कळणार नाहीत, ते खालच्या ओळीने सांगावेत.

सुरांकडे वळू. या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. तुमच्या समूहाला तीन गांधार लागतील आणि कोणता कुठे हे आठही जणींना माहीत हवे. अर्ध्या स्वराचे शंभर भाग धरले, त्यांना सेंट म्हणतात, तर तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो. पेटीचा आणि पियानोचा ४०० वर. आणि चार शुद्ध पंचम एकावर एक रचून, सा-प-रे-ध-ग असे करत येणारा गांधार ४०८ वर. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या संगीताला, आणि त्या वळणाच्या लास उएल्गासमधल्या रचनांना, हा तिसरा, चढा गांधार लागतो. तिथे गांधार विसाव्याचा स्वर नाही. तो ताण आहे आणि सा-प-सां वर जाऊन सुटतो. साधारण १४५० नंतरच्या संगीतात, म्हणजे व्हिक्टोरियाला, स्वयंभू गांधार हवा. कळफलकाची साथ असेल तिथे पेटीचा.

एक समाप्ती जवळून पाहा. षड्ज पांढरी दोन. खालचा आवाज रे वर, मधला तीव्र म वर, वरचा शुद्ध नि वर. पुढच्याच क्षणी खालचा सा वर उतरतो, मधला प वर आणि वरचा सां वर चढतो. मध्ययुगीन तीन-आवाजी गाण्यांत हे सतत भेटते. हिंदुस्थानी गळ्यातून नि सहज लागतो तो १०८८ सेंटच्या आसपास, कारण तो प चा स्वयंभू गांधार असतो. इथे तो १११० वर हवा, म्हणजे २२ सेंट चढा. तीव्र म ६१२ वर. दोन्ही आवाजांना शेवटच्या स्वरापर्यंत फक्त ९० सेंटचे अंतर राहते आणि समाप्ती धारदार होते. नि खाली राहिला तर तीच जागा मऊ आणि भोंगळ वाटते, आणि ऐकणाऱ्याला कारण कळत नाही. सरावात आधी सा-प-सां लावून दहा सेकंद धरा. मग वरच्या दोघींनी त्यापासून जेमतेम खाली येऊन परत जायचे, खालचीने पूर्ण स्वर चढून परत यायचे. शेवटाकडून सुरुवातीकडे बसवले तर ही जागा दोन-तीन बैठकींत पक्की होते.

गोव्यातल्या कॉयरमधल्या तिघींना गोड गांधाराची सवय आहे, त्यांना हा चढा गांधार बेसूर वाटेल. चौघींना एकट्याने सा धरून गायची सवय आहे, त्यांना दुसरीच्या स्वराशी जुळवून आपला स्वर हलवणे परके वाटेल. दोन्ही गटांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे एकमेकींना बेसूर म्हणण्यात वेळ जाणार नाही.

स्वर उतरतो त्याची कारणे अनेक, पण प्रबोधनकाळातल्या संगीतात एक कारण गणिताचे आहे. सा, ध, रे, प, सा या मुळांवरच्या स्वरावल्या एकामागून एक आल्या आणि प्रत्येक वेळी सामाईक स्वर घट्ट धरून बाकीचे शुद्ध जुळवले, तर शेवटचा सा मूळ साच्या २२ सेंट खाली येतो. पाच वेळा असे घडले की समूह अर्धा स्वर उतरलेला असतो, आणि दरम्यान कोणीही क्षणभरही बेसूर गायलेले नसते. दोष रिषभात असतो. ध पासून शुद्ध पंचमाने खाली आलात की मिळतो तो त्रिश्रुती रिषभ, १८२ सेंटचा. प च्या बाजूने पाहिले तर हवा आहे तो चतुःश्रुती रिषभ, २०४ चा. म्हणून ज्या आवाजाकडे रे येतो त्याने तो ध शी जुळवून न थांबता किंचित उचलायचा, बाकीच्यांनी त्याच्यामागे जायचे. प्रतीवर त्या जागी पेन्सिलने वर जाणारा छोटा बाण काढा. श्रुतींची चर्चा ज्यांनी गुरूकडे ऐकली आहे त्यांना हे पाश्चात्त्य कॉयरपेक्षा लवकर उमगते.

बाकीची कारणे नेहमीची. एकाच स्वरावर अनेक शब्द आले की दर शब्दागणिक स्वर थोडा खाली बसतो, तिथे प्रत्येक शब्द नव्याने किंचित वरून घ्यावा. उतरताना पायऱ्या मोठ्या होतात, चढताना लहान. श्वास संपत आला की स्वर खचतो, म्हणून लांब ओळीत आळीपाळीने श्वास घ्या. तो शब्दाच्या मध्ये, शेजारणीआधी किंवा नंतर घ्यायचा, ओळीच्या शेवटी कधीच नाही. स्वर उतरला की नाही हे प्रत्येक गाण्याच्या शेवटी ४४० हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने तपासा आणि प्रतीवर लिहून ठेवा. दोन आठवड्यांत नेमकी कोणत्या ओळीत घसरण होते ते दिसू लागते.

आवाजांची वाटणी. तीन आवाजांत आठ जणी म्हणजे खाली तिघी, मध्ये तिघी, वर दोघी. वरचा आवाज कानाला आपोआप पुढे येतो, तिथे माणसे कमी लागतात. बहुतेक नवे समूह सर्वांत तयार गळे वर ठेवतात. मी उलट करीन. सर्वांत पक्क्या सुराची खाली, कारण बाकी सगळ्या तिच्यावर उभ्या राहणार आहेत. एका ओळीला दोघी ही सुरासाठी सर्वांत अवघड वाटणी असते. एक असेल तर ती स्वतःच सूर, तिघी असतील तर आवाज मिसळून जातात, दोघींमधला बारीकसा फरकही कंपासारखा ऐकू येतो. म्हणून वर ज्यांचे आवाज सर्वांत मिळतेजुळते त्या दोघी निवडा. छोट्या मध्ययुगीन गाण्यांना एका ओळीला एकच जण, बाकीच्या थांबतील. न्यूयॉर्कच्या ‘अनॉनिमस फोर’ या चौघींनी १९८६ पासून आणि ऑस्लोच्या ‘ट्रिओ मेडिएव्हल’ या तिघींनी १९९७ पासून हेच केले. उभे राहताना अर्धवर्तुळ करा, खालचा आवाज मधोमध, दोघींत हातभर अंतर. कडेला उभ्या असलेल्यांना तळ ऐकू आला नाही की त्या मोठ्याने गाऊ लागतात.

मींड आणि कण यांचे काय, हे चौघी विचारतीलच. एकसुरी गाण्यात हलकी मींड चालते, सगळ्यांची सारखी असेल तर. अनेक आवाजांत चालत नाही. एक आवाज घसरत जात असताना बाकीचे उडी मारून पोचलेले असतात आणि मधला काळ चिखल होतो. स्वर सरळ लावायचा, आस ठेवायची. डोरियन म्हणजे काफी थाट, फ्रिजियन म्हणजे भैरवी, मिक्सोलिडियन खमाज, लिडियन कल्याण असे पाठ करायला हरकत नाही, स्वर पटकन लक्षात राहतात. पण तेवढ्यापुरतेच. काफीचे चलन हिल्डेगार्डमध्ये आले की चाल मोडते.

तानपुरा सरावात जरूर ठेवा, सा-प लावून. कार्यक्रमात हिल्डेगार्डखाली आधारस्वर हवा असेल तर तो गळ्याने द्या. हस्तलिखितांत असा आधार लिहिलेला नाही, ती आजच्या समूहांची पद्धत आहे. दोघी, ऊ वर, ओठ जवळ, चालीच्या निम्म्याहून कमी आवाजात. सगळे गाणे आधारावर गाऊ नका. एखादे कडवे मोकळे ठेवले की पुढच्या कडव्यात आधार आल्याचे जाणवते.

लॅटिनचे उच्चार मराठी जिभेला सोपे आहेत. त आणि द दंत्यच हवेत, ट-ड नाही. इटालियन वळणाने ce, ci चा उच्चार चे, ची. Ae चा ए. Gn चा न्य. Gratia म्हणजे ग्रात्सिआ. Excelsis म्हणजे एक्शेल्सिस्. Mihi म्हणजे मिकी. अडचण एका जागी येते. लॅटिन a नेहमी आ, कधीही अ नाही, आणि शब्दाच्या शेवटचे -us, -um हे उस्, उम् असेच. दोमिनुस् चा ‘दोमिनस्’ झाला की आठ जणींचे आठ वेगळे अ तयार होतात आणि सूर गढूळ होतो. शेवटचा स् फक्त एकीने उच्चारावा, बाकीच्यांनी सोडून द्यावा.

आजच्या संगीताकडे जाताना सोपा पूल हंगेरियन रचनाकार बार्टोकचा. दोन आणि तीन आवाजांची त्याची सत्तावीस गाणी १९३५-३६ ची, त्यातले शेवटचे दोन भाग स्त्रियांच्या कॉयरसाठी. हंगेरियन शब्दात आघात नेहमी पहिल्या अक्षरावर, तेवढे सांभाळले तर लय आपोआप बसते. इंग्रज रचनाकार होल्स्टने ऋग्वेदातल्या सूक्तांवर १९०८ ते १९१२ मध्ये चार संच रचले. त्यासाठी तो संस्कृत शिकला आणि भाषांतर स्वतः केले. तिसरा संच स्त्रियांचे आवाज आणि हार्प यांसाठी आहे. उषा, आप, वेन ही सूक्ते त्यात आहेत. शब्द इंग्रजी असले तरी मजकूर आपल्या ओळखीचा, त्यामुळे पुण्यातल्या श्रोत्यांपुढे तो संच हमखास घ्यावा. हार्प मिळाले नाही तर पियानो.

एस्टोनियाच्या आर्वो पेर्ट या रचनाकाराच्या संगीतात एक आवाज पायरीपायरीने चालतो आणि दुसरा फक्त सा-ग-प सारख्या तीन स्वरांतून फिरतो. कागदावर अगदी साधे दिसते. अवघड जाते ते असे की दोन आवाज मध्येच सा-रे इतके जवळ येतात आणि गायिका घाबरून तो घर्षणाचा स्वर हलका करतात. तो पूर्ण ताकदीने, कंपाशिवाय लावायचा. जवळच्या स्वरांचे झुबके सगळ्याच नव्या संगीतात येतात. ते बसवताना बाहेरचे दोन स्वर आधी जुळवा, मग आतले एकेक घाला. झुबका बिघडला की आतला स्वर काढून पाहा, बहुधा बाहेरचा पंचमच हललेला असतो. ७/८ किंवा ५/८ च्या तालांत चौघी लगेच रूपक किंवा झपताल धरतील. मोजणीला मदत होते, पण सम-खालीचे वजन गाण्यात येऊ देऊ नका. इथले आघात शब्द ठरवतो आणि ते दर ओळीला हलतात.

स्वरलिपी वाचता येणे यासाठी अटळ आहे. हिल्डेगार्ड कानाने शिकता येते, बार्टोकची दोन पानेही नाहीत. आठवड्यातून दोनदा, दोन तासांची बैठक धरा: पहिली पंधरा मिनिटे एकाच स्वरावर आ, ए, ई, ओ, ऊ जुळवणे, पुढे अर्धा तास वाचन, मग एक जुने आणि एक नवे गाणे. नव्या गाण्यानंतर जुने घेतले तर कान थकलेले असतात आणि चढा गांधार लागत नाही, म्हणून क्रम जुने मग नवे.

सभागृहाची निवड अर्धे काम करते. दगडी चर्चमध्ये दोन-तीन सेकंदांची गुंज मिळते, तिथे लय थोडी ठाय ठेवा आणि समाप्तीनंतर गुंज विरेपर्यंत थांबा. आपली नाट्यगृहे पडद्यांमुळे कोरडी असतात. तिथे लय किंचित वाढवा, लांब स्वर थोडे आखूड करा. पंखे बंद करायला लावा. ध्वनिव्यवस्थेवाले प्रत्येकीच्या हातात माइक देतील, तो घेऊ नका. आठ माइक म्हणजे जुळवलेला तोल दुसऱ्याच्या हाती देणे. समोर दोन-अडीच मीटरवर, डोक्याच्या वर, चांगले कंडेन्सर माइक दोनच पुरतात. ते शक्य नसेल तर दोनशे माणसांपर्यंतच्या खोलीत माइकशिवाय गा.

कार्यक्रम साठ-सत्तर मिनिटांचा, मध्यंतराविना. षड्ज तोच ठेवून जुन्यातून नव्यात गेलात तर मध्ये स्वर द्यावा लागत नाही. ‘ट्रिओ मेडिएव्हल’ने टूर्नेच्या चौदाव्या शतकातल्या मिसेशेजारी (चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या संगीताशेजारी) आयव्हन मूडी या आजच्या काळातल्या रचनाकाराची नवी रचना ठेवली, ती ऐका. लास उएल्गासनंतर पेर्ट लागोपाठ गाऊन पाहा. उघडे पंचम दोन्हींत आहेत, कान सहज ओलांडतो. व्हिक्टोरियानंतर लगेच मध्ययुगीन गाणे मात्र नको, गांधार बदलायला गळ्याला वेळ मिळत नाही. मध्ये एकसुरी काहीतरी ठेवा.

प्रती मिळवताना: जुने संगीत सीपीडीएल आणि आयएमएसएलपी या संकेतस्थळांवर मोफत आहे, पण तिथे प्रत चढवणाऱ्यांचा दर्जा सारखा नसतो. स्वराच्या डोक्यावर छापलेली कोमल-तीव्र चिन्हे संपादकाने सुचवलेली असतात, ती घ्यायची की नाही हे पहिल्याच बैठकीत ठरवून पेन्सिलने पक्के करा, नाहीतर एकीचा म शुद्ध आणि दुसरीचा तीव्र असे शेवटपर्यंत चालते. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. होल्स्ट (मृत्यू १९३४) आणि बार्टोक (१९४५) मोकळे आहेत, मात्र नव्या संपादित आवृत्तीचा हक्क वेगळा असू शकतो. पेर्ट हयात आहेत. त्यांच्या रचनेच्या आठ प्रती प्रकाशकाकडूनच विकत घ्याव्या लागतील, आणि जाहीर कार्यक्रमाची परवानगीही त्याच वेळी मागून ठेवावी.